काळीज उजवीकडे

१२ जून १९९६

ठमामावशी,

तुझ्या पायांवर डोकं ठेवलं असं समज आणि पुढे वाच. एरोग्रामचा हा निळा कागद केवढासा, आणि मला सांगायचं आहे ढीगभर.

अमेरिकेच्या या समुद्रकाठच्या गावात येऊन मला नऊ महिने झाले. गाव आपल्या कळसएवढंच. ओहोटीला पाणी मागे सरकतं आणि नजर जाईल तिथवर ओला, चकाकता चिखल उघडा पडतो. त्यावर बोटाच्या पेराएवढ्या काळ्या गोगलगाई, हजारोंनी, खळ्यात धान्य सांडावं तशा. मी रबरी बूट घालून त्या बादलीत वेचते. तुझ्याकडे शाळेला होते तेव्हा शेण वेचायला पाठवलंस की मी नाक मुरडायचे. आता हस पोटभर.

काचेच्या टाकीत ठेवल्या की त्या काचेवरच अंडी घालतात. पारदर्शक इवल्याशा पिशव्या, आणि एकेका पिशवीत शंभर-शंभर अंडी. त्यातलं एक मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते आणि बघत बसते. एका पेशीच्या दोन होताना बाजूला तिसराच एक फुगवटा येतो. वाटतं, तीन होणार. पण थोड्या वेळाने तो दोघींपैकी एकीत मुकाट मिसळून जातो. तो फुगवटा कोणी काढून टाकला तर पिल्लू वाढतं, पण त्याला डोळे नसतात, शंख नसतो, काळीज नसतं. मावशी, तेव्हा काळीज तर अजून बनायचंच असतं. मग त्या फुगवट्यात नेमकं काय असतं?

मी इथे तेच शोधते. आबा विचारतीलच, तर त्यांना असं सांग. प्रत्येक पेशीत हजारो जनुकं असतात. बरीचशी मजुरासारखी, शरीर बांधायचं काम करणारी. थोडी मात्र मुकादम असतात. मुकादम स्वतः घमेलं उचलत नाही. तू ऊठ, तू थांब, इथे डोळा, तिथे पाय, एवढंच सांगतो. कुठला मुकादम कुठल्या घटकेला, कुठल्या जागी जागा होतो ते मी रंग घालून बघते. काल पहिल्यांदा दिसलं. शंख जिथे उगवणार त्या जागेभोवती निळसर कडं. शंखाचा पत्ता नव्हता अजून, फक्त त्याची हद्द आखलेली.

कालपासून डोळे मिटले तरी तेच निळं कडं दिसतं. जेवताना दिसतं, चालताना दिसतं. इथे हे कुणाला सांगू? म्हणून तुला सांगितलं.

कुंडलिकदादा कसा आहे? पिंकीवहिनीला कितवा लागला? सगळं लिही.

तुझी,
भिमा


कळस, ९ जुलै १९९६

चि. भिमास,

मावशीचे आशीर्वाद आणि आबांचेही. ते शेजारी बसून "माझंबी लिव" म्हणताहेत, म्हणून वेगळे लिहिले.

पत्र पोचलं. आपल्या घरची रीत तू विसरली नसशील. निळा कागद आला की आबा पोस्टमनला चहा पाजतात, साऱ्या आळीला हाळी देतात आणि ओटा भरल्याशिवाय मला पत्र फोडू देत नाहीत. बालवाडीत पंधरा वर्षं गोष्टी सांगितल्या, पण तुझ्या गोगलगाईंना जेवढं शांत ऐकलं गेलं तेवढं मला कधी कोणी ऐकलं नाही. वाचून झालं की कागदाची घडी आबांच्या कोपरीच्या खिशात. बांधाचा दावा अकरा वर्षं चालला ना, तेव्हापासून त्यांचा माणसाच्या बोलण्यावर विश्वास नाही. कागदावर असेल ते खरं.

मुकादम सगळ्यांना पटला. शेजारची रंगुबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "म्हंजी पोटातबी मुकादम हायच व्हय! कुठंच सुटका न्हाय." आबांनी मात्र तुला प्रश्न घातला आहे, तो जसाच्या तसा देते. "तिला इचार, शंख एकाच अंगाला का वळतो? देवळातला बघितला, कालव्यातली गोगलगाय बघितली, समदी एकाच बाजूला. ह्ये ठरवतं कोण?" मी वेडी, दुसऱ्या दिवशी कालव्याच्या कडेला जाऊन चार गोगलगाई उचलून पाहिल्या. चारही उजव्या वळणाच्या. पाण्यात पाय सोडून तिथेच बसले आणि भाकरीची वेळ टळली.

पिंकीला सातवा लागला. ओटी भरून तिला माळेगावला पाठवली. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. तिचे वडील मोहनराव साखर कारखान्यातून सुट्टी काढून जीप घेऊन आले होते. ती गेल्यापासून घरात पैंजण वाजत नाही, तर चुकल्यासारखं होतं.

एक सांगते, फक्त तुझ्यापुरतं. परवा आबांनी माळ्यावरचा पाळणा खाली काढला आणि चिंचेने घासून त्याच्या पितळी कड्या लखलखीत केल्या. त्या पाळण्यात कुंडलिकच्या आधी आमची दोन लेकरं निजली आणि वर्षाच्या आत गेली, तुला माहीत आहे. त्यानंतर आबांनी पाळण्याला हात लावला नव्हता. कुंडलिकला मी लुगड्याच्या झोळीत वाढवलं. म्हणून त्यांना कड्या घासताना पाहिलं आणि मी दारातूनच मागे फिरले.

स्वतःला जप. गोगलगाईंच्या नादात उपाशी राहू नकोस.

तुझी मावशी


२ ऑगस्ट १९९६

मावशी,

आबांचा प्रश्न वाचला आणि टेबलावर हात आपटला. शेजारचा जपानी मुलगा दचकला. आबांना सांग, याच एका प्रश्नापायी लोकांनी आयुष्यं घातली आहेत.

वळण कधी ठरतं ते आधी. चार पेशींच्या आठ होतात तेव्हा वरच्या चार खालच्या चारांवर नीट उतरंडीसारख्या बसत नाहीत. जराशा कलतात. उजवीकडे कलल्या की पुढे सगळंच उजवीकडे, डावीकडे कलल्या की सगळं डावीकडे. शंखाचं अख्खं वळण त्या एवढ्याशा कलण्यात असतं. मी ते रोज बघते आणि रोज श्वास रोखून बघते.

आता ठरवतं कोण. तळ्यातल्या एका गोगलगाईवर हे सत्तर वर्षांपूर्वीच उलगडलं. आई ठरवते! पहिले काही तास पिल्लाचे स्वतःचे मुकादम निजलेलेच असतात. आईने अंडं घालण्याआधी त्यात ज्या चिठ्ठ्या ठेवलेल्या असतात त्यांच्यावरच सारं चालतं. पिल्लाचा शंख कुठे वळणार हे आईकडून येतं, बापाचा त्यात काडीचा संबंध नाही. या वाक्याखाली मी रेघ मारली आहे, कारण मला ते फार आवडतं.

का आवडतं तेही सांगते. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते. मला तिचा चेहरा आठवत नाही, आवाज आठवत नाही. तू होतीस म्हणून मला कधी काही कमी पडलं नाही. तरी या अंड्यांकडे बघताना वाटतं, तिनेही माझ्यात काही चिठ्ठ्या ठेवल्या असतील. मी डोकं उजवीकडे कलतं करून वाचते. तू म्हणायचीस, तुझी आई अशीच वाचायची. तेवढ्या एका गोष्टीवर मी इथे कितीतरी संध्याकाळी काढल्या आहेत.

बाळ झालं की लगेच कळव. आत्या होणार मी. नाव माझ्या वाट्याचं आहे, विसरू नका.

भिमा


कळस, २४ ऑक्टोबर १९९६

चि. भिमास आशीर्वाद.

पिंकीला मुलगा झाला, गेल्या महिन्याच्या एकोणतीस तारखेला. बाळ-बाळंतीण ठीक आहेत.

पाऊस बरा झाला. डाळिंबाला कळी चांगली आहे. आबा ठीक.

एक विचारायचं होतं. ओळखीतल्या एका बाईच्या नातवाला बारामतीला डॉक्टरकडे नेलं, तर डॉक्टर म्हणाले, याचं काळीज उजवीकडे आहे. फोटो काढला, त्यातही तसंच आलं. घरचे घाबरले आहेत. असं असतं का? बाळ जगतं का? तुला माहीत असेल तर लिही.

तुझी मावशी


१८ नोव्हेंबर १९९६

मावशी,

बाळ आलं! मी प्रयोगशाळेत सगळ्यांना पेढ्यांच्या ऐवजी बिस्किटं वाटली. पण तू अशी कशी लिहितेस? वजन किती, रंग कुणाचा, नाक कुणाचं, काही म्हणता काही नाही, आणि डाळिंबाच्या कळीला मात्र पूर्ण ओळ. बारसं कधी? फोटो पाठव.

त्या ओळखीच्या बाईंना सांग, घाबरू नका. फार क्वचित असं होतं. काळीज उजवीकडे, यकृत डावीकडे, आरशात दिसावं तसं सगळंच जर उलटं असेल, तर बहुतेक मुलांना काहीच त्रास होत नाही. मोठी होतात, शेतं नांगरतात, म्हातारी होतात. कित्येकांना जन्मभर पत्ताही नसतो. डॉक्टरांकडून एकदा नीट तपासून घ्यावं, इतकंच. आणि त्यांना म्हणावं, तुमचा नातू आमच्या गोगलगाईंच्या गोतातला. आईने जरा वेगळ्या वळणाची चिठ्ठी ठेवली त्याच्यात!

इथे थंडी पडली आहे. चिखलावर सकाळी बर्फाची पापडी असते आणि गोगलगाई खोल पाण्यात निघून गेल्या आहेत. टाकीतल्या आहेत त्यांच्यावर काम चालू आहे. कधी कधी वाटतं मीच एका पारदर्शक पिशवीत बसले आहे आणि कळसच्या ओट्यावरून तुम्ही सगळे मला बघत आहात.

भिमा


कळस, १० जानेवारी १९९७

भिमा,

ओळखीची बाई मीच. नातू आपलाच.

मी लपवलं, कारण मला वाटलं तू लिहिशील की काही नसतं, मी ते सगळ्यांसमोर वाचेन आणि विषय संपेल. तू लिहिलंसही तसं. पण शेवटी ती एक ओळ लिहिलीस. वाचता वाचता जीभ आवरायला हवी होती मी. पंधरा वर्षं पोरांसमोर वाचलं, अडखळून ओळ गाळायची अक्कल मला त्या दिवशी झाली नाही.

आबा उठले. कोपरीतून तुझं ऑगस्टचं पत्र काढलं आणि रेघ मारलेल्या वाक्यावर बोट ठेवून मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "झालं. दोन कागद, दोन्हीत येकच. खोट आईकडची हाय. आपल्या रक्ताचा काय संबंध न्हाय." गोगलगाय राहिली बाजूला आणि पिंकी सापडली.

बारसं झालेलं नाही. सव्वा महिन्याने बाळ-बाळंतिणीला आणायला आपण जायचं असतं. आधी तुझ्या उत्तराची वाट पाहिली, आणि ते आल्यावर कोणी गेलं नाही. साडेतीन महिने झाले. पोराला माळेगावात सगळे नुसतं बाळ म्हणतात. मोहनराव दोनदा येऊन गेले. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांचा फोटो घेऊन आले, उन्हात धरून दाखवत होते. म्हणाले, "सावळारामराव, डॉक्टर म्हणत्यात पोर ठणठणीत हाय. बघा तरी." आबांनी फोटोकडे पाहिलं नाही. तुझा कागद पुढे केला. "आमची भिमा तितं ह्येच शिकती. ती काय खोटं लिवंल व्हय?" मोहनराव फेटा सावरत उठले आणि चहा न घेता गेले. माझ्या दारातून माणूस चहाविना गेला, भिमा.

कुंडलिक काय करतो विचारशील. तो बापापुढे मान वर करत नाही. चोरून माळेगावला जातो, परत आला की डोळे लाल असतात.

आबा दुष्ट नाहीत, हे मी तुला सांगायला नको. ते घाबरलेत. परवा गोठ्यात एकटेच म्हशीला सांगत होते, "जगणार न्हाय त्ये. आनून, नाव ठिवून, जीव लावून... परत न्हाय जमायचं मला." मी ऐकलं आणि शेणाची पाटी घेऊन मागच्या मागे गेले. दोन लेकरं त्यांनी आपल्या हातांनी पुरली आहेत. भीती वाटते असं आपला माणूस म्हणत नाही, खोट काढतो.

मला तुझा राग आला. लिहून टाकते, म्हणजे मनात राहणार नाही. तुझ्या चिठ्ठ्या, तुझे मुकादम, किती गोड वाटायचं वाचताना. त्यापायी एक पोरगी माहेरच्या उंबऱ्यावर बसून रस्ता बघते आहे.

तू आता असं काहीतरी लिही की आबांना पटेल. मलाही एक गोष्ट माहीत आहे. पण ती सांगायची तर चाळीस वर्षं मिटलेलं तोंड उघडावं लागेल, आणि माझा धीर होत नाही.

ठमा


३० जानेवारी १९९७

मावशी,

तुझं पत्र हातात घेऊन मी ओहोटीच्या चिखलात किती वेळ उभी होते मला आठवत नाही. पाणी बुटांत शिरलं तेव्हा भान आलं.

चूक माझी आहे. मी गोगलगाईंबद्दल लिहिलं ते खरं होतं. माणसाबद्दल जे लिहिलं ती थट्टा होती, आणि थट्टा म्हणूनही ती खोटी होती. इतकी वर्षं शिकून मला एवढं कळलं नाही की ज्या घरात माझा शब्द कागद म्हणून खिशात ठेवला जातो तिथे थट्टा करताना हात आवरावा. आईच्या चिठ्ठ्यांचं मला इतकं वेड, की जिथे तिथे मला आईच दिसते. पिंकीवहिनीची मी कशी माफी मागू?

पुढचं आबांसाठी. ओटा भरू दे आणि मोठ्याने वाच.

आबा, तुमच्या भिमाचा नमस्कार. मी आधी जे लिहिलं ते गोगलगाईचं. माणसाचं तसं नाही. माणसात काळजाची बाजू कोण ठरवतं ते अजून कोणालाच पुरतं उलगडलेलं नाही. जेवढं कळलं आहे त्यावरून दिसतं की बऱ्याच घरांत दोन दबलेल्या चिठ्ठ्या लागतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. एकटी चिठ्ठी गप्प राहते, कुणाला दिसत नाही, पिढ्यानपिढ्या चालत येते. म्हणजे एक पिंकीवहिनीकडून आली असेल, तर दुसरी कुंडलिकदादाकडून. आणि दादाकडे ती आली तुमच्याकडून किंवा मावशीकडून. कुणाची खोट नाही. आणि आबा, हे मूल जगेल. डॉक्टरांनी तपासलं आहे, सगळं जागेवर आहे, फक्त बाजू वेगळी. तुम्ही मला सायकलवर पुढे बसवून इंदापूरला परीक्षेला नेलं होतं. त्या भिमाचं एवढं ऐका.

मावशी, यापलीकडे मला लिहिता येत नाही. रोज टाकीपुढे बसते, पण डोळ्यांपुढे पिल्लं नसतात, माळेगावचा उंबरा असतो. तुला जे माहीत आहे ते काय आहे? मला नको सांगूस हवं तर. पण ज्याला सांगायचं त्याला सांग.

भिमा


कळस, २ मार्च १९९७

चि. भिमास, मावशीचे आणि या घरातल्या सगळ्यांचे आशीर्वाद. सगळ्यांचे म्हणजे किती जणांचे, ते वाचत जा.

तुझं पत्र ओट्यावर वाचलं. रंगुबाई पदर डोळ्यांना लावून बसली. आबांनी मात्र तिन्ही कागद मांडीवर मांडले. म्हणाले, "सही येकाच बाईची, आन् तीन कागदांत दोन गोष्टी. असल्या साक्षीदाराला कोर्ट उभं करत न्हाय." आणि उठून चपला घालायला लागले.

मी आयुष्यात त्यांना चारचौघांत अडवलं नव्हतं. त्या दिवशी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, "कागद ऱ्हाऊ द्या. हात हिकडं आना." त्यांचा उजवा हात धरला आणि त्यांच्याच कोपरीत, उजव्या बरगडीवर दाबून ठेवला. "हितं बघा. काय वाजतंय?"

ते म्हणाले, "काळीज."

"कुठल्या अंगाला?"

भिमा, ओट्यावर आठ माणसं होती आणि म्हैस रवंथ करत होती ते ऐकू येत होतं.

आता तुला पहिल्यापासून सांगते. लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात आबा तापाने फणफणले होते. छाती भरली आहे का ते आमची आई कान लावून बघायची, तसा मी कान लावला. डावीकडे काहीच नाही, उजवीकडे मात्र ठण ठण. मी सतरा वर्षांची. मला वाटलं, पुरुषांचं तिकडेच असतं. दुसऱ्या कुठल्या पुरुषाच्या छातीला मी कान लावणार होते? मग पहिलं लेकरू झालं. त्याला कान लावला तर डावीकडे. दुसऱ्याचं डावीकडे. कुंडलिकचंही डावीकडे. तेव्हा कळलं की वेगळं आपल्या माणसाचंच आहे. बोलले नाही. गावाला कळलं असतं तर उलट्या काळजाचा म्हणून नाव पडलं असतं, आणि आपल्याकडे पडलेलं नाव सरणावरच जातं. त्यांना सांगितलं असतं तर ते रोज चाचपत बसले असते. आणि खरं सांगू का, कुणालाच माहीत नसलेली त्यांची एक गोष्ट माझ्यापाशी होती. मला ती द्यावीशी वाटली नाही. चाळीस वर्षं ते कधी डॉक्टरच्या पायरीला गेले नाहीत, म्हणून ती माझ्यापाशीच राहिली.

आबा खाली बसले. हात तिथेच. मग म्हणाले, "तुला कवापास्नं ठावं हाय?"

"पयल्या हिवाळ्यापास्नं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमी कवा इचारलंत?"

रंगुबाई फिस्सकन हसली आणि लगेच तोंडावर पदर घेतला. मला हसू आलं नाही. मला जे बोलायचं होतं ते राहिलंच होतं. म्हटलं, "चौसष्ट वर्षांचं हाय ह्ये काळीज. दोन हिरी खांदल्या त्यानं. अकरा वर्षं दावा लढलं. आन् ऐका, आपली जी दोन गेली ना, त्यांची काळजं जागच्या जागी हुती. मी कान लावून बघितलं हुतं. बाजूनं कुणी मरत न्हाय."

आबा माझ्यासमोर रडले. लोक होते तरी रडले. मी सगळ्यांना घरी जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं धोतर, फेटा, आणि भाड्याच्या जीपच्या मागे पाळणा बांधलेला. मी म्हटलं पाळणा कशाला, बाळ इकडेच तर आणायचं आहे. म्हणाले, "त्याला तितनंच पाळण्यात घिऊन यायचं. वाटंत लोकांनी बघितलं पायजे." माळेगावात पिंकी दारातच होती. आबांनी आधी मोहनरावांचे हात धरले आणि म्हणाले, "खोट म्हनलं हुतं मी. ती माझ्यातच निघाली." मग पिंकीला म्हणाले, "पोरी, माझं चुकलं." तिने बाळ त्यांच्या हातात दिलं आणि आत जाऊन पिशवी भरली. ती अजून त्यांच्याशी मोजकंच बोलते. बोलेल तेव्हा बोलेल, मी तिला घाई करत नाही, आणि आबांनाही करू देत नाही. तुझ्या माफीची ओळ मी तिला एकटीला वाचून दाखवली. "ताईंना म्हनावं, फोटो पाठवीन," एवढंच म्हणाली, पण म्हणाली.

वाटेत बारामतीला थांबून आबांनी स्वतःचा छातीचा फोटो काढून घेतला. आता दोन्ही फोटो कोपरीच्या खिशात मावत नाहीत, म्हणून भिंतीवर खिळ्याला लावले आहेत. आल्या-गेल्याला उन्हात धरून दाखवतात. कागद तो कागदच.

बारसं झालं. आत्या समुद्रापार, म्हणून तुझ्या जागी रंगुबाईने पाळण्यात वाकून कानात नाव सांगितलं. अविराज. पिंकीने सुचवलं होतं, आणि तू नाही म्हणणार नाहीस असं मी तुझ्या वतीने सांगून टाकलं.

आज दुपारी आबा ओट्यावर उताणे पडले होते, आणि पोर त्यांच्या पोटावर पालथं, दोघंही गाढ झोपलेले. माशी बसेल म्हणून मी पदराने वारा घालायला गेले आणि बसले तिथेच. वाकून आधी अविराजच्या पाठीला कान लावला. मग आबांच्या छातीला. चाळीस वर्षांची माझ्या ओळखीची ठण ठण, आणि तिच्यासारखीच उजव्या अंगाची दुसरी, बारीक, घाईघाईची. आबांनी डोळे न उघडता विचारलं, "काय ऐकतीस?"

मी म्हटलं, "दोनीबी घरीच हायती. निजा."

तुझी मावशी